आप्पांचं विमान टिकतंय का

आमच्या नळदुर्गवरून विमान गेलं की आप्पा बोलणं मध्येच थांबवतात, कानामागं हात धरतात आणि निकाल देतात, "रिकामं चाललंय." कधी म्हणतात, "भरलंय, पण मागच्या सीटा मोकळ्या हायत." ढगांच्या वरून जाणाऱ्या विमानाच्या मागच्या सीटा या माणसाला हायवेच्या कडेला खाटेवर बसून कळतात. पटत नसेल तर वाद घालून बघा. मी घातला आहे. माझा घसा बसला, आप्पांचा नाही.

आप्पा म्हणजे गुरप्पा. उभी हयात त्यांनी नळदुर्ग-सोलापूर वडापची जीप चालवली. वडाप म्हणजे सीट भरल्याशिवाय न सुटणारी गाडी. आप्पांची जीप भरल्यावरही सुटायची नाही, कारण त्यांच्या मते ती कधी भरतच नसे. पॅसेंजर येईना झाला की ते ओळखीची माणसं आत बसवायचे. बाहेरच्याला वाटायचं गाडी भरत आली, तो पळत येऊन चढायचा, आणि बसवलेली माणसं हळूच उतरून चहाला जायची. टायरचं दुकान टाकण्याआधी मी झाडाखाली पंक्चर काढायचो, तेव्हा मीही असा खोटा पॅसेंजर होऊन पुष्कळ बसलो आहे. नंतरचा चहा मीच पाजायचो, हे इथं सांगून ठेवतो.

आता ती जीप आप्पांच्या जागेत गंजत उभी आहे आणि ती जागा माझ्या दुकानाला लागून आहे. सगळं दुखणं तिथंच. माझ्याकडं येणारे ट्रक रस्त्यावर उभे राहतात, पोलीस येतात, शिव्या मी खातो. आणि शेजारी एवढी मोकळी जागा, तिच्यात एक जीप, एक खाट आणि आप्पा! टायर कंपन्यांच्या भल्या भल्या माणसांना मी भावात घाम फोडला आहे. आप्पांचं मात्र एकच उत्तर, "विमान सुरू होऊ द्या, टायरवाले. मग जागा तुमचीच."

हे विमान कुठलं, तेही ऐका. आप्पांची एकुलती एक लेक शोभा गुवाहाटीला असते. जावई तिथं रेल्वेत आहे. आई गेल्यापासून शोभा बापाला कायमचं तिकडं बोलावते आहे. हैदराबादहून तिकडं जाणारी एक स्वस्तातली विमान कंपनी होती. नातवाच्या बारशाला आप्पा तिच्या विमानानं गेले. कडक भाकरी आणि शेंगाचटणी त्यांनी रांगेतल्या सगळ्यांना वाटली, आणि दार लावायला निघालेल्या पोरीला म्हणाले, "बाई, मागं दोन सीट मोकळ्या हायत. थांबा जरा, मी हाळी मारतो."

पुढं ती कंपनी बंद पडली. आप्पांनी लेकीला कळवलं, ती चालू झाली की जागा विकून येतो. दुसऱ्या कंपनीच्या विमानानं जा म्हटलं, तर म्हणाले, "ते भाडं हाय का विमानाची किंमत?" रेल्वेनं जा म्हटलं, तर, "जावयाच्या गाडीत फुकट बसलो म्हणतील लोक."

झालं! माझ्या धंद्याची चावी एका बुडालेल्या विमान कंपनीच्या हातात गेली. मी पेपरात सोयाबीनचा भाव सोडून तिची बातमी शोधू लागलो. ट्रकवाले चेष्टा करायचे, "शेठ, विमानाचं टायर ठेवणार का?"

आणि एक दिवस बातमी आलीच. नवा मालक मिळाला, परवाना मिळाला, एक विमान उडालंसुद्धा. मी पेढे घेऊन आप्पांच्या खाटेवर जाऊन बसलो.

"सुरू झालं, आप्पा. आता बोला."

आप्पांनी पेढा तोंडात टाकला. "हौदु, खरं हाय, सुरू झालंय. पण टिकंल का?"

"टिकायचं कधी ठरलं होतं?" माझा आवाज चढला.

"अवो, एका गाडीवर लाईन चालती व्हय? गाडी पंक्चर झाली की पॅसेंजर एसटीत बसतंय, ते पुन्हा आपल्याकडं फिरकत न्हाय."

"दुसरं विमान घेतील की!"

"कशावर? एकदा बुडालेल्याला तुमी तरी उधार टायर देता का?"

मी देत नाही. पण ते कबूल कोण करणार! म्हटलं, "भाडं स्वस्त आहे. लोक येतील."

"मोठ्या कंपन्या चार दिस त्याहून भाडं पाडतील आन् ह्यांना उपाशी मारतील. सोलापूर लाईनवर म्या तेच केलंय लोकांना."

मग मी त्यांना तावातावानं सांगू लागलो की नवा मालक हुशार आहे, लहान गावांना विमान पाहिजेच आहे, कंपनी टिकणार म्हणजे टिकणार. दुकानातून बायको ओरडली, "आवो, कंपनी आपली हाय का?"

चार दिवसांनी संध्याकाळी मी सोक्षमोक्ष लावायला गेलो. आप्पा माझ्याकडं पाठ करून जीपमध्ये बसले होते. कानानं कमी ऐकतात, म्हणून फोन स्पीकरवर.

"आता काय अडलंय?" शोभा विचारत होती. "एकटे पडलाय तिथं."

"एकटा कुठं गं? टायरवाला हाय की. रोज सकाळी येतंय, जागा मागतंय, तोंड सोडतंय. तुझी आई गेल्यापासनं माझ्याशी मोठ्यानं बोलणारं दुसरं कोण हाय? अन् जागा त्याला दिली, तर त्यो कशाला येतोय उद्या?"

मी मडगार्डपाशी तसाच उभा राहिलो. आप्पांनी वळून पाहिलं, गडबडले, आणि "हे बघ, टायरवालेच आलेत," म्हणत फोन माझ्याच हातात दिला.

"दादा, तुम्हीच सांगा त्यांना," शोभा म्हणाली. "चालंल ना ते विमान?"

इतका सोपा सौदा मला जन्मात मिळाला नव्हता. एक हो म्हणायचा अवकाश, जागा माझी होती. मागं रस्त्यात माझ्याकडं आलेला ट्रेलर आडवा उभा होता आणि त्याच्यामागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या.

"कुठलं चालतंय, ताई," मी म्हणालो. "एकच विमान हाय. पंक्चर झालं की संपलं. मोठ्या कंपन्या भाडं पाडून मारतील त्यांना. घाई करू नका. अजून बघायला पाहिजे."

आप्पांनी फोन काढून घेतला. "ऐकलंस? धंद्यातला माणूस सांगतोय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाटेपाशी गेलो आणि होईल तेवढ्या मोठ्या आवाजात जागा मागितली.