जयवंताची पाच पिल्लं आणि एक घार

"जयवंताची पिल्लं लई माणसाळल्यात. घार आली ना, की..." शेजारच्या गोजराकाकू धोंडाबाईंना एवढं सांगताहेत तोवर आमच्या कुकरनं शिट्टी मारली. (मी चोरून ऐकत नव्हतो. कुंपणाच्या मेंदीला पाणी घालत होतो. पाणी संपून बराच वेळ झाला होता, एवढंच.)

शिट्टी थांबली तेव्हा दोघी हसत होत्या. घार आली की काय होतं?

माझ्या जिवाला घोर लागला. ही कोंबडीची पाच पिल्लं मी पिरंगुटच्या बाजारातून आणून खोक्यात, बल्बच्या उबेला, हातानं कण्या भरवून वाढवलेली. खांद्यावर बसतात, पेपर वाचताना मांडीवर झोपतात. (बायको, शुभांगी, म्हणते, "पोटची पोरं कधी अशी घेतली नाहीत.") काकूंच्या खुडूक कोंबडीनं आठ उबवली होती. ती माणूस दिसला की पांगतात. मी त्यांना शिष्ट समजत होतो.

काकूंना विचारायचं तर ऐकल्याची कबुली द्यावी लागणार. म्हणून आठवडाभर मीच अंगणात राखणीला बसलो.

रविवारी सकाळी काकूंची कोंबडी घशातल्या घशात एकदाच "कुर्रर्र" बोलली. वर पाहिलं, तर घार. खाली पाहिलं, तर आठांतलं एकही पिल्लू नाही. सरपणाखाली गेली की भोपळ्याच्या वेलात, कळलंच नाही. तिथं कधी पिल्लं नव्हतीच, अशी जमीन मोकळी. आमच्याकडे पोरांना जेवायला चार हाका माराव्या लागतात.

माझी पाच मात्र उघड्यावर, माझ्या तोंडाकडे बघत उभी. मला काही "कुर्रर्र" जमेना. मी मटकन खाली बसलो, तशी पाचही धावत येऊन माझ्या लुंगीत शिरली. सावली अंगणावरून सरकली, गेली. पायांशी पाच काळजं धडधडत होती. माझं धरून सहा.

काकू आणि धोंडाबाई कुंपणाशी आल्या. "गेली घार. ऊठ की आता."

"आधी सांगा, घार आली की काय होतं?"

"ऐकलंस व्हय?"

"निम्मं."

"मी म्हनलं, घार आली की पिल्लं जयवंताकडं पळत्याल, आन् जयवंता घरात पळंल."

म्हणजे निम्मंच खरं ठरलं. पिल्लं माझ्याकडे पळाली, पण मी जागचा हललो नाही. धोंडाबाईंनी तर तोंडभर कौतुक केलं. त्या घरी जाईपर्यंत मी तसाच बसून ते ऐकलं, कारण पिल्लांनी आत शिरताना लुंगीची गाठ सोडली होती.