फ्लॉरेन्सचं मावंदं

इटलीहून परत आलेले पंजाबराव घरात पाय ठेवायच्या आधी शेतात गेले, याचं अख्ख्या डोणगावाला कोण कौतुक! "सातासमुद्रापारून आला, पन आधी वांगे पाह्यले!" शेजारचे भगवंतराव भेटेल त्याला सांगत सुटले. वांग्यांकडे पंजाबरावांनी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. ते विहिरीवर बसून गुपचूप एक रिकामी बाटली भरत होते.

त्याचं असं झालं. पुण्याला नोकरी करणाऱ्या लेकीने, पुष्पांजलीने, आईबापांना टूरवर फ्लॉरेन्सला धाडलं. निघताना पंजाबरावांच्या आईने, सोजराबाईने, लेकाच्या हाती ही बाटली दिली. ब्याऐंशी वर्षांत म्हातारी मेहकरच्या पुढे गेली नव्हती.

"मले साडी नोको, काही नोको," ती म्हणाली. "तिथलं तीर्थ आन. तुहा बाप गेल्यापासून दुसऱ्याच्याच मावंद्यात पळीभर पानी पेली. आता आखीन एक डाव माह्या दारात मावंदं होऊ दे."

काशीहून आलेला माणूस गंगेचं पाणी वाटतो आणि गावाला जेवू घालतो, ते मावंदं. इटलीचं मावंदं करतात का, हे डोणगावात कोणालाच ठाऊक नव्हतं. त्यामुळे नाही तरी कोण म्हणणार?

फ्लॉरेन्समध्ये पहिल्या दिवशी त्यांना राजेरजवाड्यांची बाग दाखवली. टेकडीभर पसरलेली बाग, पण पंजाबराव दोन तास हिंडले तरी खाण्यासारखं एक पान सापडेना. "एवढं रान, एवढं पानी, आन् मेथीची जुडी नाई! पाचशे वर्सं पडीक ठुलं यायनं!" ते हळहळले. तेवढ्यात बायको, रुखमाबाई, कारंज्यापाशी हात जोडून उभी राहिली. मधोमध एक उघडाबंब देव होता आणि त्याच्या हातात त्रिशूळ होता.

"अवो, महादेव!"

"इथी कुठचा महादेव?"

"मंग तिरशूळ काय त्यानं बजारातून आनला? भरा बाटली!"

पंजाबरावांनी भरली.

दुसऱ्या दिवशी संग्रहालय. रुखमाबाई टूरमधल्या बायकांबरोबर पुढे निघून गेली आणि दारावरच्या रखवालदाराने पंजाबरावांची बाटली अडवली. पाण्यासकट आत जाता येणार नाही. एकतर ओता, नाहीतर प्या, असं त्याने हातवारे करून सांगितलं. आली का पंचाईत! महादेवाचं तीर्थ गटारात ओतायचं? पंजाबरावांनी डोळे मिटले, 'हर हर महादेव' म्हटलं आणि लिटरभर तीर्थ उभ्या उभ्या पोटात घातलं.

पुढचे तीन तास त्यांनी जगप्रसिद्ध संग्रहालयात फक्त मुतारी शोधली. सापडली तेव्हा बाहेर बस हॉर्न देत होती. बस थेट पुढच्या गावाला निघाली आणि रिकामी बाटली तशीच पिशवीत डोणगावला आली.

गुरुवारी मावंदं झालं. मारुतीच्या देवळापासून बँड लावून जोडप्याला घरी आणलं, दारात पाय धुतले. पाचशे पानं उठणार होती. भगवंतरावांच्या आग्रहावरून गोवऱ्यांवर भाजलेल्या रोडग्यांवर टमाट्याची चटणी फासून 'तिथलं जेवन'ही केलं. "ते तं याच्याऊन पातळ असते," रुखमाबाई सांगत होती, "आन् कच्चंच लागते. आपन ठेचा नेला होता म्हनून जगलो."

"आन् संग्रहालयात काय पाह्यलं, भाऊ?" भगवंतरावांनी विचारलं.

"लय शोधा लागते तिथं," पंजाबराव म्हणाले. हे मात्र शंभर टक्के खरं होतं.

मग तीर्थ वाटायला सुरुवात झाली. पहिली पळी सोजराबाईची. म्हातारीने पदर सावरून पाणी तोंडात घेतलं, क्षणभर लेकाकडे पाहिलं आणि डोळे मिटले. पंजाबरावांनी घाईघाईने पुढची पळी भरली. पाणी एक लिटर, माणसं पाचशे! बाटली तळाला गेली की पंजाबराव 'देवाले दाखवून आनतो' म्हणत आत जायचे आणि विहिरीच्याच पाण्याच्या माठातून भरून आणायचे. अडीचशे माणसं झाली तरी बाटली भरलेलीच.

"बापा!" भगवंतराव ओरडले. "बाटली सरूनच नाई राह्यली!"

झालं! लोक दुसऱ्यांदा रांगेत उभे राहिले. कोणी बीबी गावच्या पाहुण्यांना फोन लावले, कोणी दुसरबीडच्या. एका तासात तिकडून दोन गाड्या भरून माणसं आली. पंजाबरावांचा माठ संपत आला.

तेवढ्यात तानाबाईने पळी तोंडाला लावली. ही पंजाबरावांच्या शेतात रोज तण निंदायला येणारी बाई. तिने जीभ टाळूला लावून पाहिली.

"बुढीमाय, हे तं तुमच्या वावरातल्या विहिरीचं पानी हाय! तसंच मचूळ!"

बँड थांबला. पाचशे माणसं पंजाबरावांकडे बघू लागली. त्यांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

सोजराबाई काठी टेकत उठली. "मंग? लागनच! आपल्या विहिरीचा झरा तिकडूनच येते. महादेवाले काय पासपोर्ट लागते?"

"येऊ शकते, येऊ शकते," भगवंतराव म्हणाले. "धरती आतून एकच हाय बे!" आणि सगळा जमाव कॅन घेऊन विहिरीकडे पळाला.

दुसऱ्या दिवसापासून पंजाबरावांना मोटार लावायची चोरी झाली. "तीर्थ वांग्याले देता?" म्हणून माणसं अंगावर येत. चार दिवसांत वांगी माना टाकू लागली. शेवटी पंजाबरावांना राहवेना. दुपारी ओसरीवर आईच्या पायाशी बसून त्यांनी सगळं सांगून टाकलं. सांगता सांगता ते रडलेच.

"माय, तुह्यासाठीच भरलं होतं वं. फसवलं मी तुले."

"ओतलं तं नाई ना? पेलास ना? मंग पावलं मले." म्हातारीने त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. "पहिल्याच घोटाले समजलं होतं मले."

"मंग बोलली काऊन नाईस?"

सोजराबाईने भिंतीवरच्या नवऱ्याच्या फोटोकडे पाहिलं.

"तुहा बाप काशीहून आला होता ना, तवा तीन गावं जेवली होती. त्याच्या गंगेचीबी चव हेच होती."