दहा नखांची स्वारी

ज्या घरी पाळणा उशिरा हलला, त्या घरचा उजेड अखंड राहो. आता सावध चित्ते मजकूर ऐकावा. शिवणघरच्या बाईसाहेब, कातरकामाच्या मुखत्यार, यांची हयात कात्रीवर गेली, कोटाचे भारी कापड पुढे आले तरी हात कधी थरथरला नाही. पुढे वयाची चाळिशी उलटली, आणि नाकावर काचेची चाळिशी चढली, आणि सोयऱ्यांनी आशा सोडोन खेळणी वाटोन टाकिली, आणि मग कूस उजवली, कन्या जाहली. तिचा किताब धाकट्या सरकार. वय सात महिने, दात दोन, दरारा बहुत.

स्वारीचे कारण ऐसे जे, लस टोचण्याचे दिवशी दवाखान्यातील परिचारिकेने सरकारांचे गालावरील ओरखडे पाहिले, बाईसाहेबांचे केसांतील चांदी पाहिली, आणि फर्माविले, “आजी, बाळाच्या आईला सांगा, नखं कापत जा म्हणावं.”

बाईसाहेबांचे जिभेवर तिखट जाब आला, परंतु बाहेर पडला तो इतुकाच, “सांगते हं.”

तो ‘आजी’ शब्द घरापावेतो चपलेतल्या खड्यासारखा टोचत आला. कारण आदली चढाई फसली होती. चाळिशीवाचोन नख कापू जाता कातडीस चिमटा बसला, मुंगीएवढे रक्त आले, सरकार क्षणभर रडल्या, बाईसाहेब दिवे लागेतो. तेव्हांपासोन नखकात्री खणात नजरकैदेत, आणि आपण उशीर केला, हे आता आपल्याने होणे नाही, ऐसी धास्ती उरात ठाण मांडोन. आज ती मोडावी, नाही तर ‘आजी’ हा किताब मुकाट कबूल करावा, ऐसी शर्त त्यांणी मनाशी बांधिली.

मग सरकारांस न्हाऊ घातले, दुधाची रसद पोटी पोचती केली, आणि खिडकीपाशी उन्हात चटई अंथरोन मोर्चा लाविला. चाळिशी चढवोन बाईसाहेब पुढे झुकल्या, तोंच सरकारांनी झडप घालोन चाळिशी हस्तगत केली. सोडविली, पुन्हा चढविली, पुन्हा गेली, ती सोडवोन चटईवर ठेविली. मग चाळिशीवाचोन पाहू जाता दहा नखांची वीस जाहली, आणि हात, जो कापडावर कधी कापला नाही, तो लटपट कापू लागला.

गलबला ऐकोन यजमान कुमकेस धावले. “अगं, मी बघू का?”

“अहो, सकाळी तुम्ही तिच्या मलमाने दात घासलेत!”

“फेस येत नव्हता, तेव्हाच मला शंका आली होती,” ऐसे बोलोन यजमानांनी आपली चाळिशी चढविली आणि आघाडीस उभे राहिले. सरकारांचा डावा हात विजेसारखा चमकला. यजमान निःशस्त्र जाहले.

इतक्यात बाईसाहेबांच्या मातोश्री पदरास हात पुशीत मैदानात आल्या. हुकूम जाहला की, “सरका दोघं. तुला मी एकटीने वाढवलंय.”

“तेव्हा तू बाविशीत होतीस, आई!”

“बाविशीत होते म्हणून काय झालं? कात्रीचं धाडस कुठलं? तुझी नखं दातांनी कुरतडायचे मी. आता दात वाटीत असतात, नाही तर दाखवलं असतं.”

हे ऐकोन बाईसाहेबांस उमज पडला. धास्ती वयाची नव्हे, ती तर बाविशीतही होती! मातोश्री नातीचा पापा घेऊ वाकल्या, आणि सरकारांनी उजव्या हाताने तिसरी चाळिशी, म्हणजे मातोश्रींची, पटकाविली. दोन्ही मुठी भरल्या. सरकार विजयाने बोबडे गर्जू लागल्या.

तेव्हां बाईसाहेबांची कातरकामाची नजर जागी जाहली. कापडावर वजन ठेविले म्हणजे कापड सरकत नाही. येथे तर चाळिश्या आवळोन धरल्याने मुठी स्वतःच स्थिर, आणि नखे बाहेरील अंगास ओळीने उभी! त्यांणी आपली चाळिशी सावकाश नाकावर ठेविली. सरकारांनी पाहिले, तळमळल्या, परंतु तिसरा हात नव्हता, आणि हातची लूट सोडवेना.

मग कात्री चालली. अंगठा पडला, तर्जनी पडली, करंगळी, जी तांदळाच्या कणीएवढी, तीही पडली. मातोश्रींनी श्वास धरिला, यजमानांनी मातोश्रींचा खांदा धरिला. एका बोटासही दुखापत न होता दहाही नखे हस्तगत जाहली.

बाईसाहेबांनी ती ओली, गरम मूठ गालाशी धरिली. काही टोचले नाही. मग हलकेच बोलिल्या, “सांगितलं हो आईला. कापली तिने.”

येणेप्रमाणे स्वारी फत्ते जाहली. तरण्या घरी हा गड सर न होता, शत्रूच्या मुठी भरावयास दोन चाळिश्या त्यांणी कोठोन आणाव्या? सबब नमूद असावे की, बाईसाहेबांची चाळिशी कामी आली. यजमानांचीही कामी आली, परंतु ती दांडा मोडोन.