गाडी मामांना घाबरते

मामांच्या व्हिजिटिंग कार्डावर नावाखाली छापलं होतं, 'खासगी गुप्तहेर. सूक्ष्म निरीक्षण, अचूक निष्कर्ष.' त्याखाली 'फी माफक' असंही होतं, पण ते त्यांनी पेनाने खोडलं होतं. फी कुणी विचारतच नव्हतं, मग माफक तरी कशाला म्हणायची.

"माझ्या नजरेतून सुटलेली एकही गोष्ट मला आजवर दिसलेली नाही," असं मामा स्वतःबद्दल सांगत, आणि ते शब्दशः खरं होतं. निवृत्त होईपर्यंत ते बसस्थानकावरच्या 'हरवले-सापडले' खिडकीत बसत. लोक छत्र्या, डबे, चष्मे आणून देत, दुसरे लोक येऊन ते घेऊन जात. या ये-जामधून मामांचा असा समज झाला की वस्तू आपण शोधतो. निवृत्तीनंतर तो आणखी पक्का झाला, कारण आता खोडून काढायला साहेबही नव्हता.

त्यांचा मदतनीस म्हणजे त्यांचा भाचा. पगार नाही, रजा नाही, आणि नातं असल्यामुळे राजीनामाही देता येत नाही. पण यावेळची केस खुद्द भाच्याचीच होती.

भाच्याने आपली गाडी लो करून घेतली होती. मूळच्या स्प्रिंगा काढून आखूड बसवल्या आणि गाडी चार बोटं खाली आणली. आता ती उभी असली की फार देखणी दिसायची. अडचण एवढीच होती की गाडी चालवावीही लागते. रस्त्यात उंचवटा आला की स्टिअरिंग हातात धरलेलं असतानाही चाकं आपल्या मनाने वळायची. असाच एक उंचवटा भाच्याच्या नशिबात आला तेव्हा शेजारच्या सीटवर डेंटिस्ट होती. गाडी रस्ता सोडून सरळ रोपवाटिकेच्या दारातल्या कुंड्यांत शिरली.

डेंटिस्टवर भाच्याचा जीव होता. तिचंही तसंच काहीसं असावं असा त्याला संशय होता, पण पुरावा नव्हता. तिने केसांतली माती झटकली आणि शांतपणे म्हणाली, "रविवारी तुला बाबांकडे न्यायचं ठरवलं होतं. त्यांची ड्रायव्हिंग स्कूल आहे, माहितीये ना?"

"माहितीये."

"माणूस कसा आहे ते त्याच्या स्टिअरिंगवरून कळतं म्हणतात ते. आईलासुद्धा त्यांनी लग्नाआधी रिव्हर्स घ्यायला लावला होता. शनिवारपर्यंत गाडी सरळ चालली तर जाऊ. नाही चालली तर मी त्यांना काही सांगतच नाही. नंतर कधी सांगेन असंही नाही."

भाचा मेकॅनिककडे धावला. मेकॅनिकने गाडीखाली एकदा डोकावून निदान केलं. "गाडी खाली आली, पण स्टिअरिंगचे रॉड होते तिथेच राहिले. आधी ते आडवे होते, आता तिरके झालेत. चाक वर उचललं की तिरका रॉड त्याला ढकलतो, म्हणून ते वळतं. रॉडचं टोक खाली घेणारा जोड टाकतो, मग चाकं सरळ रेषेत आणायला अलाइनमेंट करतो. झालं."

"इतकं सोपं असेल असं वाटत नाही," मागून आवाज आला. मामा आले होते. भाच्याने फोनवर सांगितलेलं मामीने त्यांच्या कानावर घातलं होतं, तेवढीच दहा मिनिटं घर मोकळं मिळेल म्हणून.

मेकॅनिकने जोड टाकला, अलाइनमेंट केली. सगळं मामांच्या कडक देखरेखीखाली झालं. भाच्याने चक्कर मारली, शेजारी मामा बसलेले. गाडी अशी सरळ गेली की जणू रुळांवरून चाललीये. भाच्याचे डोळे भरून आले. मामांना घरी सोडून तो एकटाच परत निघाला आणि पहिल्याच उंचवट्याला गाडी डावीकडे झेपावली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा मामा बसले, गाडी सरळ. मामा उतरले, गाडी वाकडी. मामांनी हनुवटीवर हात ठेवून बराच वेळ विचार केला.

"निष्कर्ष उघड आहे," ते म्हणाले. "गुन्हेगार मला घाबरतो."

"कोण गुन्हेगार, मामा?"

"ते तोच सांगेल. मी फक्त त्याच्यावर लक्ष ठेवणार."

पहिला संशय शेजारच्या चष्मेवाल्यावर गेला, कारण तो गाडीकडे रोज बघायचा. गाडी त्याच्याच दारात लावलेली असते, असं भाच्याने सुचवून पाहिलं. "बघ, स्वतःच्या दारातसुद्धा सुखाने राहू देत नाही त्याला त्याचं मन," मामा म्हणाले. मग संशय मेकॅनिकवर आला. रॉड मुळात तिरके झालेच कसे? ज्याचा हात सरळ आहे त्याच्या हातून रॉड तिरका होत नाही. मेकॅनिकने हे शांतपणे ऐकून घेतलं आणि हातातला पाना दुसऱ्या हातात घेतला. मामांनी तो सिद्धांत तूर्त स्थगित ठेवला. मग आल्या रोपवाटिकेच्या बाई. कुंड्या फुटल्या की नव्या कुंड्या विकल्या जातात, म्हणजे फायदा कुणाचा? फुटलेल्या त्यांच्याच होत्या, हे मामांना अगदी किरकोळ वाटलं.

दरम्यान ते गाडीतून उतरेनासे झाले. पाळत म्हणजे पाळत. मामी डबा गाडीतच आणून द्यायची.

"किती दिवस ठेवणार आहेस यांना?" तिने भाच्याला विचारलं.

"केस सुटेपर्यंत, मामी."

"घाई करू नकोस," मामी म्हणाली. "माझं काही म्हणणं नाही."

शनिवार उजाडला. भाच्याने रात्रभर एकच विचार केला होता. मामांना घेऊन गेलं तर गाडी सरळ जाईल, पण मुलगी मागायला जाताना पुढच्या सीटवर डबा खात बसलेले मामा कुणाला दाखवायचे. नाही नेलं तर ड्रायव्हिंग स्कूलच्या दारातल्या पहिल्याच गतिरोधकाला निकाल लागणार. डेंटिस्ट आली तेव्हा तो फुटपाथवर उभा होता. चेहरा असा, जणू दाढ काढायला आलाय.

"सरळ चालते का?" तिने विचारलं.

"चालते," भाचा म्हणाला. "फक्त हे बसलेले असले तर."

तिने खिडकीतून आत पाहिलं. आत मामा सीटभर पसरले होते. मामांचा देह प्रशस्त होता. सीट त्यांच्याखाली होती असं मानायलाच हवं, कारण दिसत नव्हती.

"गुन्हेगार मला घाबरतो," मामांनी तिला समजावलं.

'रोज दोन वेळा ब्रश करतो' असं दिवसभर ऐकण्यात तिचा जन्म चालला होता. समोरचा काय सांगतो यापेक्षा काय सांगत नाही, ते ती आधी बघायची.

"मामा, अलाइनमेंट केली तेव्हा तुम्ही कुठे होता?"

इतकी वर्षं मामा जगाला हा प्रश्न विचारत होते. त्यांना कुणी विचारला नव्हता.

"जागेवर," ते म्हणाले.

"कुठल्या जागेवर?"

"याच. पाळतीवरचा माणूस जागा सोडत नसतो."

डेंटिस्टने भाच्याकडे पाहिलं. भाच्याने आकाशाकडे पाहिलं.

तिघं मेकॅनिककडे गेले. मेकॅनिक म्हणाला, "हो, बसले होते की. मला वाटलं, ही जागा यांचीच. नेहमी हेच बसत असतील शेजारी."

"पण माणसाला बसवून कशाला करायची अलाइनमेंट?" भाच्याने विचारलं.

"लो केलेल्या गाडीची मी तशीच करतो. चाकाला हलायला जागा कमी असते. एक माणूस बसला-उठला तरी चाकाचा कोन बदलतो. त्यातून हे." त्याने आदराने मामांकडे पाहिलं. "यांच्यावर सेट केलेली गाडी दुसऱ्या कुणाला कशी चालेल?"

मामांना यात कौतुक ऐकू आलं. ते मोठ्या प्रयासाने गाडीबाहेर आले आणि गाडीने सुटकेचा एक लांब सुस्कारा टाकला.

मेकॅनिकने हात पुसले. "आता नीट विचारतो, पुन्हा पुन्हा करणार नाही मी. या सीटवर कायम कोण बसणार? त्यांनाच बसवा."

हा प्रश्न भाचा तिला उद्या विचारणार होता, तिच्या बाबांनी त्याला रिव्हर्स घ्यायला लावल्यानंतर, हिंमत उरली असती तर. आता तो गॅरेजच्या मधोमध, ग्रीसच्या डब्याशेजारी, दुसऱ्यानेच विचारून टाकला होता. तो जमिनीवरच्या तेलाच्या डागाकडे बघत राहिला.

डेंटिस्टने पर्स मामांच्या हातात दिली, दार उघडलं, सीटवर बसली आणि सीट थोडी पुढे ओढून घेतली.

"करा," ती म्हणाली.

"कायमचं धरू ना?" मेकॅनिकने विचारलं.

"कायमचं धरा. पण याला आधी ड्रायव्हरच्या सीटवर बसायला सांगा. उभा काय राहिलाय."

भाचा बसला. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं, गाडी बंद होती तरी. तिच्याकडे बघायचं धाडस त्याला होत नव्हतं, तेव्हा तिनेच त्याचा एक हात सोडवून घेतला. मेकॅनिक पाना घेऊन गाडीखाली सरकला.

मामा पर्स काखेत धरून खिडकीशी वाकले. दारावर कोपर टेकवून त्यांनी आवाज खाली आणला.

"म्हणजे केस मी सोडवली, असं समजायचं ना?"

"मामा, दारावरचा हात काढा," खालून आवाज आला. "वजन पडतंय."