गेणूनानाचा शुभ कागद

आमचा शेजारी गेणूनाना लग्नात जेवत नाही. मांडवात येतो, अक्षता टाकतो आणि पंगत ओलांडून सरळ यजमानाला गाठतो. "पत्रिका उरल्या आसतील तर दे." हातात पडल्या की त्यातली एखादी दोन बोटांत धरून वाकवून बघतो. जाड निघाली तर म्हणतो, "घरानं चांगलं हाय." पातळ निघाली तर काही बोलत नाही, पण ते घर त्याच्या मनातून कायमचं उतरतं.

पत्रिका त्याला बंदुकीत घालायला लागतात.

नानाकडं बापाच्या वेळची ठासणीची बंदूक आहे आणि पीक राखायचा परवाना आहे. आमच्या कर्जतकडच्या रानात मक्याला कणीस धरलं की रानडुकरं येतात. ह्या बंदुकीला आयतं काडतूस चालत नाही. प्रत्येक बार हातानं भरायचा. आधी दारू, तिच्यावर कागदाच्या गोल चकत्या, मग गजानं ठासायचं. छर्रे नाना घालत नाही. डुकराला नुसता आवाज पुरतो म्हणतो. दारू मोजायला त्याच्याकडं खोकल्याच्या औषधाचं एक झाकण आहे. त्याची पोर मंदा लहान होती तेव्हाचं. चकत्या पाडायला नळीच्या मापाची पोकळ छिन्नी आहे. ओसरीवर पोतं अंथरून तो बार भरायला बसला की म्हैस दारात हंबरली तरी मान वर करत नाही.

"कागद शुभ पायजे," हे त्याचं ठरलेलं बोलणं. मी एकदा फवारणीच्या औषधाचं खोकं नेऊन दिलं, चांगलं जाड. त्यानं ते चिमटीत धरून परत दिलं. "म्हादू, ह्ये इषाचं खोकं. बार रुसंल." पुढं एकदा चुकून कुणाच्या तरी दहाव्याचं कार्ड चकत्यांत गेलं आणि बार फुसका निघाला. मी म्हणालो, दारू सर्दावली असंल. तर माझ्याशी दोन दिवस बोलला नाही. बंदूक धुतली, पुसली, तिला हळदीचं बोट लावलं, तेव्हा कुठं पुन्हा भरली.

त्या चकत्या अर्ध्या जळून माझ्या रानात पडतात. कांदे खुरपताना कधी 'चि. सौ. कां.' सापडतं, कधी नुसता गणपतीचा कान.

दिवस मावळताना नानाचा बार होतो. त्याआधी तो बांधाकडं तोंड करून ओरडतो, "म्हादू, कान झाक." मी दोन एकर लांब असतो. त्याला म्हणालो, "आरं लेका, एवढ्या लांबनं काय हुतंय मला?" तर म्हणतो, "परवान्यात लिवलंय तसं." नाही लिहिलेलं. मी चौथी पास आहे, पण तो परवाना दोनदा वाचलाय.

मंदानं पुण्याला कचेरीत जाऊन लग्न केलं. पोरगा आपल्यातला नव्हता. पत्रिका नाही, वाजंत्री नाही. नाना गेला नाही आणि तिला यायला सांगितलं नाही. त्याला बारा वर्षं झाली. नानाची बायको त्याआधीच गेलेली. तेव्हापासून त्याच्या तोंडात पोरीचं नाव नाही.

मंदा मात्र दर रविवारी मला फोन करते. "काका, नानांचा बार झाला का?" झाला म्हटलं की "बरं" म्हणते आणि ठेवते. नानाला सांगायचं नाही, असा तिनं शब्द घेतलाय. मी शब्दाचा पक्का आहे. माझ्या बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं.

आता लग्नाची आमंत्रणं मोबाईलवर येतात. गाणं वाजतं, फुलं पडतात, नवरा-नवरी हलतात. नानाला एक दाखवलं तर म्हणाला, "ह्ये नळीत कसं ठासू?" त्याचं पत्रिकांचं पत्र्याचं खोकं रिकामं होत चाललं.

गेल्या रविवारी दिवस बुडायला आला तरी बार झाला नाही. मंदाच्या फोनची वेळ जवळ आलेली. मी बांध ओलांडून गेलो. नाना मांडीवर बंदूक घेऊन बसला होता. ओढ्यापलीकडं डुकरं दिसत होती आणि मका भरात होता.

"बार का न्हाई?"

"कागद सपला."

मी खोकं उपडं केलं. तळाला प्लॅस्टिकच्या पिशवीत एक पत्रिका निघाली. चांगली जाड, सोनेरी कडेची. मी ती फळीवर ठेवून छिन्नी टेकवली तेवढ्यात त्यानं माझं मनगट धरलं.

"ती न्हाई."

"का? शुभ न्हाई व्हय ही?"

 मी उजेडाला धरून वाचली. आमची कन्या मंदा, असं छापलं होतं. जावयाचं नाव होतं. तारखेच्या जागी नुसती टिंबं.

"कवा छापली ही?"

"ती गेली त्याच्या दुसऱ्या वरसाला. एकच छाप म्हनलं, तर छापखानेवाला हासाया लागला. पन्नास घ्याव्या लागल्या."

"मग बाकीच्या?"

"वाजवल्या," नाना म्हणाला. "पोरीच्या लग्नात बार नगं व्हय?"

"आन तारीख?"

"मला कोन सांगतंय."

डुकरं ओढा उतरली. आम्ही दोघं म्हातारे डबे बडवत बांधावर फिरलो. डबा काय बंदूक आहे? अर्धा एकर मका झोपला. पत्रिका तेवढी राहिली.

घरी आलो तर मंदाचा फोन. बार झाला नाही, असं पहिल्यांदाच सांगितलं. ती घाबरली. मी म्हणालो, "नाना धडधाकट हाय. तू आदी तुझ्या लग्नाची तारीख सांग."  तिनं तारीख सांगितली, वेळही सांगितली.

सकाळी पेन घेऊन गेलो आणि टिंबांवर तारीख लिहिली. माझं अक्षर म्हणजे कोंबडी चालून गेल्यासारखं, पण वाचता येतं. तारीख कुठनं आली, हेही सांगितलं. दिलेला शब्द मोडला. वाईट वाटलं नाही.

नानानं पत्रिका लांब धरून पाहिली. "मुहूर्त?"

"अकराचा. कचेरी उघडल्यावर."

"जेवान काय हुतं?"

"त्ये मला ठावं न्हाई. तूच इचार." मी मंदाला फोन लावला आणि मोबाईल त्याच्या हातात दिला. त्यानं उलटा धरला, मी सुलटा केला. पलीकडून तिचा आवाज आला, "हॅलो, काका?"

नानानं माझ्याकडं बघितलं. मी हातभर अंतरावर होतो.

"म्हादू," तो हळू म्हणाला, "कान झाक."

मी झाकले.