हेरंबरावांचं पॅनेल आणि खारीचा अर्ज

एका जंगलात, मुलांनो, कॉम्प्युटर आला होता. हसू नका. तुमच्या शाळेत नसेल, जंगलात होता.

त्याच जंगलात एका जांभळाच्या झाडावर सुलभाताई नावाची खार राहायची. तिला चार पिल्लं होती, अजून डोळेही न उघडलेली. एका शुक्रवारी झाडावर नोटीस लागली. सिंहमहाराजांच्या गाडीला वळायला जागा हवी, सबब हे झाड सोमवारी तोडण्यात येईल. हरकत असल्यास दरबारातल्या कॉम्प्युटरवर अर्ज टाइप करून द्यावा.

सुलभाताई धावतच दरबारात गेली.

लिहायचं सॉफ्टवेअर बनवलं होतं हेरंबराव वानरांनी. फार भला माणूस. म्हणजे वानर. पण कुणाला नाही म्हणणं त्यांना जमायचं नाही. सुरुवातीला स्क्रीनच्या कडेला त्यांनी एक छोटंसं पॅनेल ठेवलं होतं. अक्षर लहान करा, मोठं करा, ठळक करा, बस्स. मग मोर येऊन म्हणाला, "रंग कुठायत?" दिले रंग. सरड्याला तेवढे पुरेनात, आणखी दिले. हत्तीला बटणं दिसेनात, ती परातीएवढी केली. असं करता करता पॅनेल स्क्रीनभर पसरलं आणि लिहायला जागा उरली बोटभर.

"अहो भाऊ, लिहू कुठे?" सुलभाताईनं विचारलं.

"लिहायची काय घाई, ताई? आधी स्टाइल निवडा. बत्तीस आहेत!"

"मला झाड वाचवायचंय हो!"

"मग 'निवेदन, भावपूर्ण' घ्या. झकास दिसतं."

तिनं घेतली. सगळी अक्षरं जांभळी झाली. ती काळी करायला गेली तर भोवती चौकट आली. चौकट काढली तर ओळी उजवीकडे पळाल्या. यात शनिवार गेला. रविवारी ती रडकुंडीला आली आणि उरलेल्या बोटभर जागेत तिनं कसंबसं टाइप केलं: 'महाराज, जांभूळ तोडू नका. वर माझी पिल्लं आहेत.'

हेरंबरावांना तिची खरंच दया आली. "थांबा ताई, मी करतो," म्हणाले आणि दिवसभर बसले. अर्जाला वेलबुट्टी लावली. अक्षरांना सोनेरी कड दिली, खाली मंद सावली सोडली.

सोमवारी सकाळी अर्ज महाराजांच्या पंजात पडला.

"अहाहा!" महाराज म्हणाले. "काय ती सावली! काय ती कड! याला म्हणतात अर्ज!"

"महाराज, वाचा ना एकदा," सुलभाताई हात जोडून म्हणाली.

"वाचायचं काय त्यात? बघतोय ना आम्ही!"

सगळा दरबार मान उंचावून बघत होता. वाचत कुणीच नव्हतं. महाराजांनी हुकूम सोडला, "हा अर्ज फ्रेम करून दरबारात लावा. सगळ्यांनी असेच अर्ज करावेत."

"फ्रेमला लाकूड कुठलं घेऊ, महाराज?" सुतारपक्ष्यानं विचारलं.

"आज एक जांभूळ पडणारच आहे की. त्याचंच घे."

सुलभाताई उलट्या पावली पळाली. चौथं पिल्लू तोंडात धरून ती शेजारच्या करंजावर चढली, तेव्हा खाली कुऱ्हाडीचा पहिला घाव पडत होता. संध्याकाळी तिच्याकडे निरोप आला: उत्कृष्ट अर्जाबद्दल सत्कार आहे, सहकुटुंब यावे.

तात्पर्य: मुलांनो, अर्ज कधीही नीटनेटका करू नये. नीटनेटक्या अर्जाला फ्रेम लागते, आणि फ्रेमला झाड.