बुलबुलासाठी पितृत्व रजा

पितृत्व रजेच्या पहिल्याच सकाळी निरीक्षकांनी गॅलरीतली कपड्यांची दोरी सोडून टाकली. दोरीशेजारच्या टांगत्या कुंडीत बुलबुलाच्या जोडीने घरटं केलं होतं आणि त्यातली तीन पिल्लं नुकतीच अंड्यातून बाहेर आली होती.

"मग लंगोट कुठे वाळवायचे?" बायकोने विचारलं.

"घरात, पंख्याखाली. पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे."

प्रश्न पंधरा दिवसांचाच होता, हे खरं. पंधराव्या दिवशी बायकोची बढतीची परीक्षा होती. बाळंतपणामुळे एकदा हुकलेली, म्हणून ही फेरपरीक्षा. आता हुकली तर आणखी तीन वर्षं वाट पाहायची. तेव्हा या रजेत निरीक्षकांनी दोन महिन्यांच्या चिरंजीवांना दूध पाजायला, पुसायला आणि निजवायला शिकावं, म्हणजे त्या दिवशी चार-पाच तास ते एकटे निभावून नेतील, असं ठरलं होतं. शिकवायला सासूबाई मुद्दाम आल्या होत्या.

पण निरीक्षक पडले पंपांच्या कारखान्यातले. दुसरा काम करत असताना बाजूला उभं राहून नोंदी ठेवायच्या, यात त्यांची बारा वर्षं गेली होती. काम आणि नोंद यांत नोंद मोठी, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. त्यांनी गॅलरीच्या दाराशी खुर्ची टाकली आणि मांडीवर वही घेतली.

"सकाळपासून नराच्या एकतीस फेऱ्या, मादीच्या तेहतीस," दुपारी ते म्हणाले. "शिवाय पिल्लांची घाण नर स्वतः चोचीत धरून बाहेर नेतो. बाप असावा तर असा."

"जावईबापू," आतून सासूबाई म्हणाल्या, "तुमच्याही पिल्लाने आत्ताच केलीय. येता का?"

"आलोच. एवढी फेरी होऊ दे."

चौथ्या दिवशी दाराची घंटा बंद झाली, सहाव्या दिवशी मिक्सर. आठव्या दिवशी चिरंजीवांच्या रडण्याने मादी दोनदा उडाली, म्हणून चिरंजीव, त्यांची आई आणि बावीस ओले लंगोट यांची रवानगी मागच्या खोलीत झाली. तिथे बायको एका हाताने पाळणा हलवत परीक्षेचे नियम पाठ करत होती. इकडे नोंदी रोज कारखान्यात पोचत होत्या. पालकत्वाकडे इतक्या बारकाईने बघणारा माणूस आपल्याकडे आहे, असं साहेबांनी सगळ्यांना कळवलं, आणि पिल्लं उडतील ती वेळ मिनिटासकट मागितली.

तेराव्या दिवशी सासऱ्यांना ताप आला आणि सासूबाईंना परत जावं लागलं.

पंधराव्या दिवशी सकाळी पिल्लं घरट्याच्या काठावर येऊन बसली. निरीक्षकांची तारांबळ उडाली. "अगं, आज उडणार ही. परीक्षा पुढे नाही का ढकलता येत?"

बायकोने चिरंजीवांना त्यांच्या हातात दिलं. "दूध सव्वाअकराला. डबा ओट्यावर आहे. मी तीनला येते," म्हणाली आणि गेली.

सव्वाअकराला चिरंजीवांनी टाहो फोडला. एका अळीवर पिल्लाचं किती वेळ भागतं हे निरीक्षकांना तोंडपाठ होतं. दुधाच्या पावडरीत पाणी किती, ते ठाऊक नव्हतं. बायकोचा फोन बंद. शेवटी लाज गुंडाळून ठेवून त्यांनी सासूबाईंना फोन लावला. सासूबाईंनी सगळं सांगितलं, अगदी थेंब मनगटावर टाकून बघण्यापर्यंत.

"घेतच नाहीये हो. नुसता रडतोय."

"तुमचा तो नर काय करतो अशा वेळी?"

"तो... परत परत येतो."

"मग तेच करा."

निरीक्षकांनी तेच केलं. पहिली बाटली सांडली. दुसरी चिरंजीवांनी घेतली आणि निम्मी शर्टावर परत केली. लंगोट तीनदा बांधला, त्यातला एक टिकला. येरझाऱ्या किती घातल्या, याची नोंद नाही. दोनच्या पुढे केव्हातरी चिरंजीव त्यांच्या खांद्यावर शांत झाले. मानेला तो इवलासा गरम श्वास लागला आणि निरीक्षकांचे डोळे भरून आले. हे सगळं पंधरा दिवस आपल्याच मागच्या खोलीत चाललं होतं, याची त्यांना खरीखुरी शरम वाटली.

तीनला बायको आली. पेपर चांगला गेला होता. तिने गॅलरीत डोकावून पाहिलं.

"उडाली की पिल्लं. कधी?"

निरीक्षकांनी सकाळनंतर आत्ता पहिल्यांदा घरट्याकडे पाहिलं; ते रिकामं होतं. तेवढ्यात साहेबांचा फोन आला. निरीक्षकांचे दोन्ही हात गुंतलेले, म्हणून बायकोने तो त्यांच्या कानाशी धरला.

"काय, उडाली का? वेळ सांगा. सगळे थांबलेत इथे."

"साहेब, हळू बोला," निरीक्षक कुजबुजले. "आत्ता कुठे झोपलाय."